बिबट्याच्या रेघा

"हे काय गं, पोरी?"

गोदामावशीचा हळदीनं माखलेला हात माझ्या पोटावर होता तिथंच थांबला.

परसात पाट मांडला होता. चार कोपऱ्यांना चार तांबे, तांब्यांभोवती सुताचे वेढे आणि मधे मी, जुनेरात गुंडाळलेली, नखशिखांत पिवळी. वऱ्हाड विट्याहून पहाटेच आलं होतं आणि नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्यांच्यातल्या बायका जानवसघरातून नुकत्याच आमच्याकडं पोचल्या होत्या. गोदामावशी म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंची धाकटी बहीण. हळद लावायचा मान तिचा, आणि ती तो अगदी मनापासून बजावत होती. तोंड झालं, मान झाली, पाठ झाली, मग तिनं जुनेर जरा खाली सारलं आणि बेंबीच्या दोन्ही अंगांना तिला त्या रेघा दिसल्या. नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूत राहतात तशा, चंदेरी, जराशा खोलगट. हळद त्यांच्यात जाऊन बसल्यामुळं त्या जास्तच उठून दिसत होत्या.

कुठल्याही शहाण्या मुलीनं इथं सरळ उत्तर दिलं असतं. पण माझी जीभ लहानपणापासून माझ्या आधी उठते. मी म्हटलं, "बिबट्यानं ओरबाडलं, मावशी. राधानगरीला."

मागच्या दोघीतिघी फिसकन हसल्या. मावशी हसली नाही.

"बिबट्यानं," ती म्हणाली. "लई टापटिपीचा दिसतोय बिबट्या. दोन्ही बाजूला सारख्या रेघा मारून गेला."

"डावरा पण होता आणि उजवा पण."

"कधी होतीस तू राधानगरीला?"

"मामाकडं. पाऊस लागायच्या आधी गेले, संक्रांत करून आले."

मावशीनं अंगठा उचलला आणि करंगळीच्या पेरापासून महिने मोजायला सुरुवात केली. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पिवळा अंगठा पिवळ्या बोटांवरनं चढत चढत गेला आणि पौषावर येऊन थांबला. मग तिनं हात असा झटकन मागं घेतला की बांगडीत सूत अडकून तटकन तुटलं.

"पाणी घालू नका अजून," ती बाकीच्यांना म्हणाली. "मी ताईला घेऊन येते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता मी राधानगरीला कशाला गेले होते, ते सांगायला हवं. मी जाड होते. जाड म्हणजे साधीसुधी नव्हे. आमच्या आष्ट्याच्या स्टँडवरचा टांगेवाला मला बसवायच्या आधी घोड्याच्या कानात काहीतरी सांगायचा, घोडा विचार करायचा आणि मग मान हलवायचा. अंगणात मी दोरीवरच्या उड्या मारायला लागले की तिसऱ्या घरातली फळीवरची भांडी खाली यायची आणि तिथली म्हातारी म्हणायची, शालन खेळायला लागली वाटतं. दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली ती गेलीच. दुसऱ्या स्थळातला मुलगा घरी जाऊन म्हणाला म्हणे, मुलगी चांगली आहे, पण दोघी आहेत.

त्या दिवशी आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं की मला मामाकडं पाठवायचं. मामा राधानगरीला धरणावर पहारेकरी. तिथं वसाहतीत चार घरं, भोवती जंगल, खायला मिळेल ते आणि चालायला हवं तेवढं. आईला हे पसंत नव्हतं. आई आणि वत्सलामामी या नणंद-भावजयीचं एका बारशाच्या लुगड्यावरनं जे बिनसलं होतं, ते बिनसलेलंच होतं.

"तिच्या हाताखाली माझी पोरगी द्यायची?" आई म्हणाली.

"बारीक तर होईल," दादा म्हणाले.

गावात सांगितलं, शालनला शिवणाचा क्लास लावलाय. धरणावर कुठला शिवणाचा क्लास, हे कुणी विचारलं नाही. ही थाप माझ्या कुठल्याही थापेपेक्षा मोठी होती, पण वडिलांची होती, म्हणून तिला थाप म्हणायचं नाही.

मामी काटक बाई, बोलायची कमी. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण, आणि सकाळ-संध्याकाळ धरणाच्या पायऱ्या खाली-वर. सुरुवातीला मी पायऱ्या उतरायला लागले की धरणाचं पाणी सोडलं असं वाटून खालच्या वाडीतले लोक गुरं वर न्यायचे. श्रावण संपेपर्यंत गुरं जागची हलेनाशी झाली. म्हणजे मी उतरत होते. परकराची नाडी दोनदा फिरून परत पुढं यायला लागली.

आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावताना मला त्या रेघा दिसल्या. तेव्हा त्या लालसर जांभळ्या होत्या. पोटावर, मांड्यांवर, दंडाच्या आतल्या बाजूला. मी उटण्यानं घासल्या, मग नारळाच्या शेंडीनं घासल्या, मग रडायला लागले. इतके महिने पोटाला चिमटा घेऊन जे अंग कमावलं, त्यानंच असा दगा द्यावा? मामी धावत आली, तिनं बघितलं आणि मला आठवतंय तसं पहिल्यांदाच हसली.

"बिऱ्हाड गेलं की भिंतीवर खिळ्यांच्या खुणा राहतातच," ती म्हणाली. "चरबी गेली, कातडं मागं राहिलं. एवढ्या वेगानं फुगलीस, तेव्हाच ते आतून उसवलेलं. आता सैल पडलं म्हणून दिसाय लागलं."

"जातील?"

"फिक्या होतील. तिळाचं तेल लाव. आणि नवऱ्याबिगर बघतंय कोण?"

मी तेल लावत राहिले. वसाहतीतल्या बायकांनी नदीवर विचारलं तेव्हा त्यांना मी बिबट्याची गोष्ट सांगितली. ती इतकी रंगली की जंगलखात्यानं पिंजरा लावला आणि त्यात मामीचीच शेळी सापडली. त्यामुळं बिबट्या तोंडात बसला होता, आणि हळदीच्या पाटावर तोच आधी बाहेर आला.

परसातनं मला माजघरात नेलं. दार लोटलं. आत चौघी. गोदामावशी उभी. सासूबाई चटईवर बसलेल्या. त्या शाळामास्तरांच्या बायको, आवाज चढवायची सवय नाही. कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यावर बायाक्का, म्हणजे नवऱ्या मुलाची विधवा आत्या, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. हळदीला तिला कुणी पुढं बोलावलं नव्हतं, म्हणून ती आधीपासून तिथंच होती. आणि दाराला टेकून माझी आई.

"शालन," सासूबाई म्हणाल्या, "बिबट्या राहू दे. खरं काय ते सांग."

"मी जाड होते. बारीक व्हायला मामाकडं गेले. बारीक झाले तशा या दिसायला लागल्या."

"तुझे दादा म्हणाले होते, शिवणाच्या क्लासला गेली होती."

"ते उगाच सांगितलेलं."

"म्हणजे शिवता येत नाही?"

"सुईत दोरा ओवता येतो."

गोदामावशीनं बहिणीकडं बघितलं. "ऐकलंस? घटकाभरात तीन गोष्टी. आधी बिबट्या, मग शिवण, आता चरबी. जंगलात जाऊन राहिली, कुणाचं येणं न्हाई, जाणं न्हाई. महिने मी मोजलेत, ताई. आणि असल्या रेघा माझ्या बी पोटावर हायत. दोन लेकरं झाल्यावरच्या."

मी काही फार गरीब मुलगी नव्हते. एरवी मी मावशीला असं काही ऐकवलं असतं की तिनं विट्यापर्यंत कान चोळले असते. पण बाहेर मांडवात सनई लागली होती आणि मला हे लग्न हवं होतं. उत्तमराव मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पोहता येतं का? मी म्हटलं होतं, धरणात एक मगर आहे, म्हातारी, तिच्या शेपटाला धरून शिकले. दादांनी कपाळाला हात लावला. उत्तमरावांना मात्र पोह्यांचा ठसका लागला इतके ते हसले, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मगरीचं नाव काय?" माझी थाप ऐकून तिचं नाव विचारणारा माणूस मला पुन्हा मिळाला नसता.

"सासूबाई," मी म्हटलं, "मामी दुपारच्या एस्टीनं येईल. तिला विचारा."

"तुझी मामी दुसरं काय सांगणार?" मावशी म्हणाली.

सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या माझ्या आईकडं वळल्या. "विहीणबाई, मला गावगप्पांत जायचं नाही. आई आहात तुम्ही. आईला कळतं. पोरीचं काही वावगं नाही एवढं तुम्ही म्हणा, मी उठून पाणी घालायला सांगते. दुसरं कुणी काही बोलायचं नाही."

माझा जीव खाली पडला. मला वाटलं, सुटले.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

बाहेर कुणीतरी पंगतीसाठी पत्रावळ्या मोजत होतं, ते ऐकू येत होतं.

"आई," मी म्हटलं, "मी केवढी होते ते तरी सांग त्यांना."

"जाड होती," आई म्हणाली. "ते खरं हाय. लई जाड होती."

"आणि?" सासूबाई.

"आणि काय. मी तिथं न्हवते. मी तर पाठवायलाच नको म्हणत होते. एकदा बी गेले न्हाई मी तिकडं." ती थांबली. मग जे बोलली ते अगदी हळू बोलली, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं. "आणि हिच्या सांगण्याचं म्हणाल, तर बोलाय लागल्यापासनं हिनं मला एक गोष्ट धड खरी सांगितली न्हाई. मी कशाच्या भरवशावर शब्द देऊ?"

मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या पोटाकडं बघत होती.

एवढं गोदामावशीलाही नको होतं बहुतेक. सासूबाईंनी चटईवर हात टेकला, उठायला. त्या उठून बाहेर गेल्या असत्या आणि मास्तरांच्या कानात दोन शब्द बोलल्या असत्या, की मांडव तिथल्या तिथं सुटला असता.

"वैनी, बसा जरा," बायाक्का म्हणाली.

अडकित्ता बाजूला ठेवून ती पोत्यावरनं उठली. बाई अंगानं हाडकुळी, पण तिच्या दंडाची कातडी सैल लोंबायची. ती माझ्यापाशी आली, माझा हात धरून वर केला आणि दंडाची आतली बाजू उजेडाकडं वळवली.

"गोदे, हिकडं बघ. हितं बी हायत."

मावशीनं बघितलं.

"आता काखेतनं बाळंत झाली म्हणायची का?"

मागं दाराशी कान लावलेल्या बायांतली एक खुसकन हसली. बायाक्का हसली नाही. तिनं माझा हात खाली ठेवला, दार नीट लावून घेतलं, आमच्याकडं तोंड केलं आणि स्वतःच्या लुगड्याचा ओचा सोडला.

तिचं पोट माझ्यापेक्षा वाईट होतं. वरपासून खालपर्यंत नांगरलेलं.

"आत्या, असू दे," सासूबाई म्हणाल्या.

"का असू दे? बघा की." तिचा आवाज शांत होता. "मला लेकरू झालं न्हाई, हे साऱ्या विट्याला ठावं हाय. मला ओटी भरायला बोलवत न्हाईत, बारशाला बोलवत न्हाईत. आता हळदीला बी बोलावलं न्हाई. दादला गेल्यावर मी निसतं खात बसले. म्हशीवानी झाले. मग टायफॉइड झाला आणि सगळं उतरलं, ते हे. आता मला सांगा, मी कवा बाळंत झाले? कुणाला म्हाईत असंल तर सांगा बाई. मला बी बघायचंय ते लेकरू."

गोदामावशीनं मान खाली घातली. सासूबाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं बायाक्काचं लुगडं नीट केलं, निऱ्या खोचून दिल्या आणि दार उघडलं.

"पाणी तापत ठेवा परत," त्या म्हणाल्या. "सूत नवीन आणा. आणि उरलेली हळद आत्या लावतील."

अशी मी एका विधवेच्या हातची हळद लागून लग्नाला उभी राहिले. त्या काळात असं कुणी केलेलं नव्हतं. मी म्हणते म्हणून नव्हे, विट्यात कुणालाही विचारा.

दुपारी मामाबरोबर मामी आली. तिनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, शेळी कशी आहे?" आईनं मामीला पाट दिला, पाणी दिलं. विचारलं मात्र काही नाही. दोघी एका माजघरात संध्याकाळपर्यंत होत्या. गोरज मुहूर्तावर मामानं मला बोहल्यावर नेलं, अक्षता पडल्या, उत्तमरावांनी हळूच विचारलं, "मगरीला आमंत्रण गेलं होतं ना?" आणि मला हसू आलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांना मी पुढं सगळं सांगितलं. बिबट्यासकट. ते म्हणाले, त्यातलं बिबट्याचंच जास्त पटतंय.

पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मोटारीजवळ बायका जमल्या. आई पुढं आली, तिनं मला कवेत घेतलं आणि हंबरडा फोडला. सगळ्या रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. मला वाटलं, आता ती म्हणेल, चुकलं पोरी माझं. एवढं म्हणाली असती तरी मी तिथंच सगळं पुसून टाकलं असतं.

तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं.

"आता तरी खरं सांग," ती रडत रडत म्हणाली. "झालं गेलं झालं. मी कुणाला सांगायची न्हाई. काय होतं?"

मी तिच्या खांद्यावरनं बघितलं. मागं बायाक्का उभी होती, सासूबाई उभ्या होत्या, गोदामावशीसुद्धा डोळे पुसत होती. त्या परक्या बायकांना पटलं होतं.

मी आईच्या कानात म्हटलं, "मुलगा."

तिचे हात माझ्या पाठीवर घट्ट झाले, इतके की बांगड्या रुतल्या. मग सैल पडले. मी मोटारीत बसले.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, तेवढा शब्द तिनं पाळला. पहिल्या बाळंतपणाला मी आष्ट्याला गेले तेव्हा दवाखान्यातली नर्स म्हणाली, "पहिलटकरीण ना?" आईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग म्हणाली, "व्हय." मला दोन मुली झाल्या. दर दिवाळीला आईकडनं करंज्यांचा डबा यायचा, दोघींच्या दोन पुड्या वेगळ्या बांधलेल्या. आणि खाली, डब्याच्या तळाला, आणखी एक पुडी. ती कुणाची, हे तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती पुडी मी बायाक्काला द्यायची.

शेवटच्या आजारात आई माझ्याकडं होती. दादा आधीच गेले होते, मामीही गेली होती. एका दुपारी मी तिच्या उशाशी लसूण सोलत बसले होते. मला वाटलं, डोळा लागलाय.

"शालन," ती म्हणाली, "तो आता केवढा झाला असंल गं?"

"कोण?"

"राधानगरीचा."

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण ती माझ्याकडं बघत होती. आयुष्यात मी तिला जे जे खरं सांगितलं, त्यातल्या एकाही गोष्टीला तिनं असं तोंड करून ऐकलं नव्हतं.

"मोठा झालाय," मी म्हटलं. "धरणावरच नोकरीला आहे. मामीनं सांभाळला."

"वत्सलानं?" तिनं थोडा वेळ विचार केला. "बरी बाई होती ती. मीच उगाच." मग म्हणाली, "दिसतो कसा?"

"जाड आहे, आई. फार जाड."

आईच्या ओठांवर हसू आलं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मग तुझाच," ती म्हणाली आणि निवांत कुशीवर वळली.